आधी खोदा, मंग रोड करा

लिहा भाऊ, माहं नाव शेवंता. जनम याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, पन ते गाव आता पाहाले गेले तर दिसाचं नाई, कोयशाच्या खदानीत गेलं. मोजनीवाले आले तवा माह्या बापानं त्याईले आंब्याखाली खाट टाकून देल्ली, ताक पाजलं, अन् ते म्हने बाबा, घाबरू नका, तुमच्या घराले काई होत नाई. काय सांगू तुमाले, त्या आंब्यासकट गाव गेलं. तवापासून कोनी साहेब गोड बोलला का मी दोन पावलं मांगं सरकते.

लगन होऊन इथी चंद्रपुरात आली. मालक खदानीत ठेक्यावर होते, खोकल्यानं गेले, मंग मी समोरच्या खोलीत आटाचक्की टाकली, त्यावरच लेकीले शिकवलं, लगन करून देल्लं. आता रोडचं सांगते. आमच्या वार्डात जुना रोड खोदतच नाईत, त्याच्यावरच गिट्टी-डांबर टाकतेत अन् चालले जातेत. मी आली तवा घरात शिराले पायरी चढा लागे, आता उतरा लागे. पानी आलं का सारं घरात, एकडाव तर चक्कीची मोटरच जळली. कोनाले सांगाचं?

अन् एक दिवस पाहाते तं भित्तीवर लाल रंगाची खूण, खिडकीच्या जराशी खाली. कोनं केली, काऊन केली, कोनी सांगाले तयार नाई. नगरसेवकाच्या घरी गेली, तो म्हने बाई, मी आता माजी झालो, निवडनुका झाल्या नाईत, सारं प्रशासक पाहातेत. तिथून बांधकाम विभागात धाडलं. तिथी एक इंजिनेर पोरगी बसली होती, माह्या लेकीएवढी. म्हने मावशी, तुमचा रोड मंजूर झाला, सिमेंटचा होऊन राह्यला. मी म्हनलं पैसा कोनाचा? ती म्हने खनिज निधीचा, खदानी हायेत त्या जिल्ह्याले भेटते. मी म्हनलं म्हंजे माह्या गावाचाच. ती फाईल चाळू लागली. अन् ते लाल काय हाये वो? तं हळूच म्हने मावशी, रोड तिथवर येईन.

खिडकीपर्यंत रोड! सांगा, मी घरात राहू का विहिरीत? म्हनलं आधी खोदा, नाली काढा, मंग रोड करा. ती म्हने मले पन तसंच वाटते, पन खोदाई अंदाजपत्रकात नाई, नालीचा पैसा दुसऱ्या योजनेतून येते, बदल केला तर फाईल पुन्हा वर जाईन अन् मार्चपर्यंत पैसा लागला नाई तं परत जाईन. मार्च, मार्च. घाई करनाऱ्याचा मले जास्तच संशय येते.

मंग विहारात वार्डाची बैठक झाली. शेजारची प्रमिला उठली, तिचं घर उंचावर हाये. म्हने शेवंता, माहा मानूस या गड्ड्यात गाडीवरून पडला, मांडीचं हाड मोडून पडला, अन् तू तुह्या चक्कीपायी रोड बुडवून राह्यली काय? सारे तिच्याकडून. मले वाटलं हिले ठेकेदारानंच शिकवलं असन. पन तिचा मानूस काठी घेऊन मांगं बसला होता, मान खाली घालून, ते पाहून मी चपला घातल्या अन् घरी आली.

तरी मशीन आली त्या दिवशी मी खुर्ची टाकून रोडवर बसली. खालच्या आंगाच्या बायका एकेक करून येऊन बसल्या, त्याईच्याई घरात पानी शिरे. ठेकेदार बोंबलला, पोलिसाले बोलावतो म्हने. ती इंजिनेर पोरगी आली, माह्या घरात उतरली, त्या खुनेजवळ उभी राह्यली अन् भायेर येऊन म्हने काम थांबवा.

फाईल वर गेली, मार्च निंगून गेला, पैसा परत. वार्डानं मले जे बोललं ते इथी सांगत नाई. प्रमिला दळन दुसरीकडं नेऊ लागली. मले पन वाटे, पोरीनं गोड बोलून आपल्याले फसवलं, आता ना रोड ना नाली. एक पावसाळा तसाच काढला, बादलीनं पानी फेकत.

पन मंग पोरीनं वर धाडलेल्या फाईलीले खोदाई-नालीसकट मंजुरी आली बाप्पा, नव्या सालचा पैसा भेटला. आधी खोदलं, नाली झाली, मंग सिमेंट टाकलं. मी रोज उभी राहून पाहे, भरोसा कोनाचा? यंदा घरात थेंब शिरला नाई. प्रमिलाचा मानूस काठी टेकत टेकत चौकापर्यंत जाते. ती दळन घेऊन येते, बोलते मातर कामापुरतीच.

त्या पोरीची बदली झाली, तिकडं दूर सिरोंच्याले, पार जंगलाच्या टोकाले. कोनी म्हनते फाईल अडवली म्हून धाडलं, हापिसातले म्हनतेत नेमाची बदली हाये. मले दोन्ही खरं वाटत नाई. जिथी असन तिथी सुखी राहो ते लेकरू, भलं होवो तिचं.

अन् तुमी भाऊ, इतकं लिहून राह्यले, ते कोनाले दाखवान? नाई, तुमी चांगलेच असान. पन आधी मले सारं वाचून दाखवा, मंग उठा.