सूनबाईचं इनडायरेक्ट

माझी बायको सुरेखा नेवाशाजवळच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना पोरांनी अर्थ बदलला, की ती मार्क कापतेच. आता तिचंच ऐका.

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, आईला न विचारता तिची लाडकी गाय घोडेगावच्या बाजारात विकून टाकली. आईनं त्यांच्याशी बोलणंच सोडलं. ती मागं रिकाम्या गोठ्यात बसायची, दादा पुढं ओट्यावर, आणि निरोप पोचवायला सुरेखा.

एकदा दादा तिच्यावर उखडले, "सांग तुझ्या सासूला, गाय माझी हुती, मी इकली! कुनाला इचारायचं कारन न्हाई!"

सुरेखा गोठ्यात गेली आणि म्हणाली, "आई, दादा म्हणाले की त्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलंच त्यांचं."

आईनं डोळे पुसले. आलं घालून चहा केला आणि स्वतः ओट्यावर नेला. "चूक मानली, लई झालं," एवढंच बोलून ती आत गेली.

दादा कपाकडं बघतच राहिले. मग सुरेखाला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "सूनबाई, आनखी काय काय म्हनलो मी?"