केटल चिंचोळीतल्या खडकाबाबत

मी, रायमो एइनो लाह्तेला, वय ५४ वर्षे, व्यवसाय रस्ता दुरुस्तीच्या गाडीवर चालक, राहणार हार्मर फॉल्स, उत्तर ओंटारिओ, आज २६ जून रोजी कोणीही न बोलावता स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगतो ते असे.

मी वरील पत्त्यावर वडील एइनो, वय ८१, यांच्यासोबत राहतो. माझी धाकटी बहीण इर्या दक्षिणेला मोठ्या शहरात असते. तिचे पती गिल मेदेरोस, वय ४६, तिथे सिटी बस चालवतात.

दरवर्षी जूनमध्ये वडील आणि मी केटल तलावावर वॉलआय मासे धरायला जातो. तिथे रस्ता नाही. पाण्यावर उतरणारे विमान सोडून जाते आणि आठवड्याने न्यायला येते. मी चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून एकही वर्ष चुकलेले नाही. यंदा वडिलांनी इर्या व गिल यांनाही बोलावले. मला विचारले नव्हते.

दि. १७ जून रोजी दुपारी आम्ही चौघे तलावावर उतरलो. होडीत बसताना वडील गिलला म्हणाले, "पोरा, तू मागं बस. इंजिन तुझ्याकडं." गिल म्हणाला, "बाबा, मी आयुष्यात होडी चालवली नाही." वडील म्हणाले, "बस वळवतोस ना? तशीच वळव." वडिलांच्या होडीत मी चाळीस वर्षे पुढच्या टोकाला नांगराचा दोर धरून बसत आलो आहे. त्यांनी इंजिन मला कधी दिले नाही. त्या दिवशीही मी दोर धरून बसलो.

पहिल्या दोन दिवसांत गिलला अकरा मासे लागले, मला चार. त्याने गळाला लागलेला एक मासा वर धरून म्हटले, "याचे डोळे बघा, बाबा! आमच्या हेडमास्तरांसारखे पांढरे. गृहपाठ विचारतोय." वडील इतके हसले की त्यांना खोकला आला. मी त्यांना असे हसताना पाहिल्याचे मला आठवत नाही. संध्याकाळी लाकडी खोलीत वाफ घ्यायला बसलो तेव्हा वडिलांनी गिलच्या पाठीवर पाणी ओतले व म्हणाले, "रायमोला मासा लागला तर समजावं, माशाचा दिवस वाईट होता." सगळे हसले. मीही हसलो.

दि. १९ रोजी वडिलांनी कॉफीच्या रिकाम्या पिशवीवर गिलला चिंचोळीपलीकडच्या, म्हणजे तलाव जिथे अगदी अरुंद होतो त्यापलीकडच्या, जागेचा नकाशा काढून दिला. मोठे वॉलआय तिथेच असतात. ती जागा वडिलांनी मला सांगितली नव्हती. "शोध स्वतः," असे म्हणाले होते. मला सहा उन्हाळे लागले.

दि. २० रोजी सकाळी वडिलांचा गुडघा सुजल्यामुळे ते व इर्या मुक्कामाच्या खोलीवर थांबले. गिल लहान होडीतून पुढे जाणार व मी दुसऱ्या होडीतून मागोमाग जाणार, असे ठरले. साधारण सव्वानऊला धक्क्यावर गिलने मला विचारले, "चिंचोळीतून सरळच ना, रायमो?"

चिंचोळीच्या मधोमध पाण्याखाली एक खडक आहे. एरवी त्यावरून होडी जाते. यंदा पाणी दीड फूट कमी होते, हे मी आदल्या दिवशी पाहिले होते. अशा वेळी डाव्या काठाने जावे लागते.

मी म्हणालो, "सरळ. बसवाल्याला वेगळं काय सांगायचं?"

तो हसला व निघाला. मी माझे गळ नीट लावत बसलो. त्यांत नीट लावण्यासारखे काही नव्हते. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तो होता. मी हाक मारली नाही.

चार-पाच मिनिटांनी इंजिन किंचाळल्यासारखा आवाज आला व थांबला. मी लगेच गेलो. होडी कलंडलेली होती. गिल पाण्यात होता, अंगात तरंगते जाकीट होते. उजवे पाऊल होडी व खडक यांच्यामध्ये सापडले होते. मी त्याला सोडवून माझ्या होडीत घेतले, पट्ट्याने पोटरी आवळली. तो म्हणाला, "बाबांना सांगू नकोस, मासे पळाले म्हणून." सॅटेलाइट फोन केल्यानंतर विमान यायला दोन तास चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ त्याचे डोके माझ्या मांडीवर होते.

दि. २१ रोजी डॉक्टरांनी पाऊल घोट्यापासून काढले. आता तो बस चालवू शकणार नाही, असे इर्याने मला सांगितले. ती असेही म्हणाली की, त्या सकाळी तिने वडिलांना विचारले होते, गिलला एकट्याला कशाला सोडता? त्यावर वडील म्हणाले होते, "रायमो आहे ना. ते पाणी त्याच्याइतकं मलाही कळत नाही. तो सांगेल त्याला."

हे वडील मला कधी म्हणाले नव्हते.

दि. २३ रोजी आपल्या अंमलदारांनी दवाखान्यात गिलचा जबाब घेतला. मी पडद्याबाहेर उभा होतो. गिलने सांगितले, "रायमोने मला डाव्या काठाने जा म्हणून बजावलं होतं. मीच विसरलो." अंमलदार गेल्यावर मी आत गेलो व विचारले, "खोटं का बोललास?" तो म्हणाला, "बाबांना मुलगा एकच आहे, रायमो. या वयात तोही कशाला घालवायचा?"

गिलचे ते म्हणणे खरे नाही. त्याने विचारले होते. मी सरळ जा म्हणालो होतो. खडक मला ठाऊक होता.

मला अंमलदारांनी विचारले की, प्रकरण अपघात म्हणून बंद होत असताना मी का आलो. पश्चात्ताप झाला म्हणून, असे त्यांनी लिहिले होते. ते मी खोडायला लावले आहे. पश्चात्ताप आहे की नाही, ते मला अजून कळलेले नाही. वडिलांचे हसू त्याला मिळाले, इंजिन मिळाले, जागा मिळाली. आता मला माफ करण्याचा मोठेपणाही त्यालाच मिळणार होता, आणि त्या उपकाराखाली मी जन्मभर त्याच्या शेजारी बसणार होतो. तेवढे मी त्याला देणार नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. खोडलेल्या ओळीजवळ मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले असून ते खरे आहे.

सही/-
रायमो एइनो लाह्तेला