ताईच्या नातीबद्दलचा ठराव

व्हिसा कार्यालयात माझ्या पुढच्या बाकावर एक बाई आणि त्यांचा विधानसभेत टंकलेखक असलेला भाऊ बसले होते.

“दोनदा नाकारलाय रे व्हिसा. लेकीची लेक पाच महिन्यांची झाली, अजून मांडीवर घेतली नाही.”

“ताई, या वेळी अर्जाला आमचा ठराव जोडलाय. दोन्ही देशांच्या अतूट मैत्रीचा.”

“त्यात माझं काय?”

“शेवटचा परिच्छेद वाच. ‘आमच्या ताईला तिकडे नात बघायला जायचे आहे, याची हे सभागृह नोंद घेते.’ मीच टाइप केलं.”

“अरे मेल्या! कुणी हरकत नाही घेतली?”

“घेतली ना. विरोधक म्हणाले, तिकडे थंडी असते, लोकरीचे मोजेही न्यावेत. दुरुस्तीसह एकमताने मंजूर.”

“आणि तिकडचे लोक काय म्हणाले?”

“त्यांच्या संसदेचाही ठराव आलाय. ‘मुलगी पालथी पडू लागली, हे कळवताना या सभागृहास आनंद होतो.’”

“अगंबाई! आणि व्हिसा?”

“तो त्यांच्या हातात नाही. तो या खिडकीवरच.”

बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिले.

“त्यांनी तो ठराव दुपारी वाचला असेल का रे?”

“असेल. का गं?”

“दुपारची झोपलेली असते ती. हळू वाचायला हवा होता.”