पिवळं दिसलं की सुटला बाण!

...आणि वर मलाच म्हणते, "तुला काय कळतंय त्यातलं?" अहो, नाही कळत, मान्य! मी आयुष्यात धनुष्याला हात लावलेला नाही. एकदाच लावला, तर दोरी मागे यायच्या ऐवजी मीच पुढे गेलो... पण माझी सख्खी मोठी बहीण आहे ती, ताई आहे माझी! आणि तिचे ते गवतात घुसलेले बाण शोधले कोणी? मी शोधले! गुडघ्यावर बसून, गवत विंचरत! लोक सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन फिरायला जातात, मी ताईचे बाण वेचायला जायचो. मग चार शब्द बोलायचा हक्क मला आहे की नाही? आहे ना? मग ऐका.

आमची ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, काडी कानामागे टोचतेय का बघायचं, नाकावर वळ उठत असेल तर चिमट्याने तो चिमुकला पॅड इतकुसा सरकवायचा... हात असा, की त्यावर फुलपाखरू बसलं तर तिथेच झोपी जाईल. आणि सुट्टीच्या दिवशी धनुष्यबाण! दाजींची आणि तिची ओळख मुळात मैदानावरचीच. दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. भारी अबोल माणूस. लिफ्टमध्ये अडकलेल्याला धीर द्यायला जेवढं बोलावं लागतं, तेवढंच घरी बोलणार. "आलोच", "घाबरू नका", "असू दे". संपला शब्दकोश! पण नेम? काय सांगू तुम्हाला! दोघं जोडीच्या स्पर्धेत उतरले की समोरची जोडी आधीच पाण्याची बाटली शोधायला लागायची.

आणि मग ती अंतिम फेरी आली.

वारा नाही, ऊन नाही, कोणी शिंकलंसुद्धा नाही. शेवटचा बाण ताईचा. मधलं पिवळं राहू द्या, बाहेरच्या लाल पट्ट्यात मारला असता तरी जिंकले होते. तिने दोरी ओढली, हनुवटीला लावली, धनुष्यावरचा नेमाचा ठिपका हळूहळू पिवळ्याकडे निघाला. निघाला हो नुसता, पोचलाय कुठे अजून? निळ्यातच आहे... आणि फट्! गेला! पार कडेला, पांढऱ्यात! ताई स्वतःच्या बोटांकडे अशी बघतेय, जशी ती शेजारणीची बोटं आहेत. पिवळं दिसलं की सुटला बाण!

दाजी म्हणाले, "असू दे."

गाडीत सामान भरताना, "असू दे." घरी जेवताना, "असू दे." शेवटी ताईच ओरडली, "अहो, नका ना असू देऊ! चिडा की जरा!" तर दाजी म्हणतात कसे, "बरं." आणि आमटी वाढून घेतली.

आता एकदा होतं हो कुणालाही. पण पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच! सगळ्या जगाचं दुखणं काय, तर दिसत नाही म्हणून नेम चुकतो. हिचं उलटंच! दिसतं म्हणून चुकतो! ठिपका पिवळ्याच्या जवळ आला की बोटं हिला विचारतच नाहीत. पिवळं दिसलं की सुटला बाण!

झालं, मग सगळे वैद्य जागे झाले. आई म्हणाली, "ही पहिल्यापासून घाईची. सातव्या महिन्यात आली, मी पिशवीसुद्धा भरलेली नव्हती." औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, "पोट साफ होतं का?" ह्यांच्याकडे कान दुखतो म्हणून जा, पोटच साफ करतील! दुकानाच्या मालकाने तिचे डोळे फुकट तपासले, एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा निराश झाला, कारण नंबरच निघेना. क्लबातले एक बँकवाले म्हणाले, "ताई, मन एकाग्र करा." ताई म्हणाली, "अहो, एकाग्रच झालंय! तेच तर झालंय! थोडं पांगवायचं कसं, ते सांगा!"

दुखण्याचं नाव सांगितलं ते भूगोलाच्या बाईंनी. ह्या क्लबच्या कोच. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या, अजूनही समोरच्याकडे बघतात ते नकाशात गाव सापडत नसल्यासारखं. म्हणाल्या, "काय गं, बाण तू सोडतेस की तो सुटतो?"

"सुटतो, बाई."

"सुटतो म्हणजे? बाण काय शेळी आहे, दावं तोडून पळायला?" मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "ह्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. चुकायची भीती इतकी वाढते, की हाताला वाटतं, एकदाचं उरकून टाकावं. भल्याभल्यांना होतं. कितीकांनी धनुष्य विकून टाकलं."

घरी येऊन ताईने हे सांगितलं तर आई म्हणते, "अगं बाई, मग ताटं वेगळी ठेवायची का?"

आणि उपाय काय सांगितला असेल बाईंनी? ऐका हं! लक्ष्यच काढून टाकलं! मागे उरली ती बाण अडवायची नुसती कोरी गादी. त्यावर कागद नाही, रंग नाही, काही नाही. त्या गादीच्या पुढ्यात, इतकी जवळ की आंधळ्याचाही नेम चुकायचा नाही, तिथे उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि दोरी ओढायची. कुठे लागला ते बघायचं नाही! अहो, जिच्या घरी ढाली ठेवायला कपाट पुरेना, ती नवशिक्यांच्या रांगेत उभी! तिकडे लांबच्या रेषेवर सगळा क्लब, दाजी, खडखड बाण मारतायत, आणि ही इकडे गादीशी तोंड लावून, रुसल्यासारखी! शेजारी एक नवे आजोबा आले होते, नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. त्यांनी विचारलं, "तुम्हीही नवीनच का?"

ताई म्हणाली, "हो."

मी मागे उभा होतो. तुम्हाला सांगतो, ते 'हो' म्हणताना तिने काय काय गिळलं ते मी पाहिलंय. घरी येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली, आणि मी उगाचच रेडिओ मोठा केला.

मग पुढची पायरी. दोरी ओढायची, थांबायचं, आणि बाण मारायचाच नाही! अलगद उतरवून ठेवायचा! का? तर हाताला कळू दे की मालक कोण. एक दिवस ताई घरी आली, हसतेय, डोळे चमकतायत. म्हणाली, "आज फार छान गेलं! दिवसभरात एकही बाण मारला नाही!" आई म्हणाली, "मग घरी राहून गवार मोडली असतीस तर?"

मध्येच बाईंनी जरा पिवळा कागद लावून बघितला. पिवळं दिसलं की सुटला बाण! परत गादी. परत डोळे मिटा. परत आजोबांच्या शेजारी... आणि आजोबा तोवर पुढच्या रेषेवर गेलेले, तिथून हात हलवून म्हणतायत, "येईल हं, तुम्हालाही येईल!" अख्खा मोसम गेला त्यात. ताई उठता बसता तेच. जेवताना हवेत दोरी ओढतेय, आरशासमोर खांदे बघतेय, झोपेत पुटपुटतेय, "थांब... थांब..." तिला दुसरं काही सुचायचं नाही, दिसायचं नाही.

आणि इथेच सगळा घोटाळा आहे. मी एवढी बडबड करतोय ती ह्याच्याचसाठी.

कारण दुसरं काहीतरी घडत होतं ना घरात! दाजी शर्ट घालताना आधी उजवा हात बाहीत सोडायचे, मग डावा, आणि तोंड भिंतीकडे. ताईला वाटायचं, सवय बदलली. झोपायची कूस बदलली. ताईला वाटायचं, उकडत असेल. घरभर मलमाचा वास! ताई म्हणायची, "शेजारच्या काकूंची कंबर परत धरलेली दिसते." अहो, लोकांच्या नाकावरचा वळ जिला दुकानाच्या दारातून दिसतो, तिला नवऱ्याचा खांदा दिसला नाही!

क्लबचे समितीवाले दाजींकडे येऊन गेले होते म्हणे. "मोसम वाया चाललाय तुमचा. दुसरी जोडीदार घ्या, चांगली तयार मुलगी आहे." दाजी म्हणाले, "माझी जोडी ठरलेली आहे." आणि नियम असा, की जोडीतल्या एकाने तरी मोसमभर खेळत राहायचं, नाहीतर जोडीची जागा जाते. मग हा माणूस जागा धरून बसला! बसमध्ये रुमाल टाकावा तसा स्वतःचा खांदा टाकून बसला! आणि घरी काय बोलला ह्यातलं? एक अक्षर नाही! ताईने कधी विचारलं, "कसं झालं आज तुमचं?" तर "ठीक." की ही लगेच, "माझं सांगू का काय झालं..." आणि ते ऐकत बसायचे.

शेवटी आला मोठ्या स्पर्धेसाठी निवडीचा दिवस. जोडी परत रेषेवर! भूगोलाच्या बाई नखं खातायत, आई तर आम्ही घरून निघतानाच म्हणाली, "हरलात तरी जेवायला वेळेवर या." ताई पुढे झाली. दोरी ओढली. ठिपका निळ्यात आला, लाल ओलांडला, पिवळ्यात शिरला... आणि थांबला! सुटला नाही हो! थांबला! मी श्वास धरला, मला चक्कर यायची वेळ आली, आणि ही आपली उभी, शांत, जशी बसची वाट बघतेय. मग सोडला. तिने सोडला बरं का, सुटला नाही! बरोब्बर मधोमध! मी उडी मारली ती नेमकी त्या आजोबांच्या पायावर.

मग दाजी पुढे झाले. दोरी ओढली... अर्धी. हात थरथरला. उतरवली. परत ओढली, परत थरथर, परत उतरवली. घड्याळ पळतंय. ताईला वाटलं, आपलं दुखणं ह्यांना लागलं! आईच्या ताटांचंच खरं झालं! ती मागून हलक्या आवाजात सांगायला लागली, सगळं, जे जे शिकली होती ते, "अहो, पिवळ्याकडे बघू नका... श्वास सोडा... चुकला तर चुकू द्या... घाई करू नका..."

दाजी वळले. कपाळावर घाम. म्हणाले, "अगं, पिवळं छान दिसतंय मला. हातच वर जात नाहीये."

आणि धनुष्य खाली ठेवलं. इतकं हळू ठेवलं, की आवाज झाला नाही.

पुढे काय सांगायचं? डॉक्टरने फोटो बघितला खांद्याचा, आणि चिडलाच. "इतके दिवस काय करत होतात? आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. आता धनुष्य विसरा." दाजी म्हणाले, "जरा गडबड होती." गडबड! ताई बाजूच्या खुर्चीवर बसली होती, तिने नुसती पर्सची चेन उघडली, लावली, उघडली, लावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "वर्षभर शेजारी झोपत होते रे मी." मी म्हटलं, चहा घेऊ या का? अशा वेळी माणूस चहाच म्हणतो.

समितीवाल्यांनी तिला दुसरा जोडीदार देऊ केला. ती नको म्हणाली. मग दाजींनीच एकेरीत तिचं नाव घातलं, तिला न विचारता, आणि घातल्यावर म्हणाले, "असू दे." गेली बिचारी खेळायला. तिसरा नंबर आला. ठिपका पिवळ्यात ठेवून अशी थांबायची, की लोक कुजबुजायचे, "काय थंड डोक्याची बाई आहे!" दुखणं पार गेलंय तिचं. पण बाण मारला की मान मागे वळते तिची, जोडीची सवय ना, पुढचा बाण ज्याचा, त्याला जागा करून द्यायला डावीकडे सरकते. डावीकडे कोणी नसतं. दाजी लांब, कुंपणापलीकडे, घडीच्या खुर्चीत. ती परत जागेवर येते. बक्षीस घ्यायला गेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, जोरात वाजवल्या, पण खरं सांगू? त्यात मजा नव्हती.

आता व्यायाम चाललाय दाजींचा. खांद्याची बाई येते घरी, रबरी पट्टा ओढायला लावते. पट्ट्याचं दुसरं टोक कोणी धरायचं? ताईने. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी, हिने धरायचं, त्यांनी ओढायचं, भांडण झाल्यासारखं. ती खांद्याची बाई स्पष्ट म्हणाली, "बाणबिण विसरा. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा ह्या हाताने काढता आला, तरी मी पेढा मागेन."

परवा दुकान उघडायच्या वेळेला ताईचा फोन. एवढं बक्षीस मिळालं तेव्हा केला नव्हता, आता नुसती धापा टाकतेय. "अरे, काढला! त्यांनी डबा काढला! तांदळाचा!"

मी म्हटलं, "वा! तांदळाचा? एवढा जड?"

एकदम आवाज खाली आला तिचा. "हळू बोल. आदल्या दिवशीच रिकामा करून ठेवला होता मी. तळाशी मूठभर ठेवलेत, वाजायला."

तेवढ्यात दाजींनी फोन घेतला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून! म्हणाले, "ऐकलंस का? जड होता बरं का."

आता तुम्हीच सांगा, लिफ्टच्या लोखंडी मोटारी उचलण्यात जन्म गेला ह्या माणसाचा. भरलेलं काय, रिकामं काय, हे त्याला कळत नसेल होय? पण पलीकडे ताई उभी, कान देऊन... मी म्हटलं, "असणारच, दाजी. तांदूळ जडच असतो."