आतडं माझं का गावाचं?

…आन् वर मलाच म्हनत्यात, "गोजरबाई, एवढं चिडाया काय झालं?" चिडू नको तर काय करू, पेढं वाटू? आवो, बैल इकायचा म्हटलं तरी मानूस गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवरनं एकदा हात फिरवतो, आन् हितं माझं आतडं कापायचं ठरलं, आख्ख्या सोनईत ठरलं, पिठाच्या गिरनीत ठरलं, टँकरच्या रांगंत ठरलं, आन् मला कवा कळलं? तर माझी धाकटी जाऊ, रतनबाई, डोक्यावरचा हांडा खाली ठेवत, पदरानं तोंड पुसत मला इचारती, "आक्का, ते कापलेलं आतडं दवाखान्यातच टाकत्यात, का घरी बांधून देत्यात वो?" म्या म्हटलं, कुनाचं गं आतडं? तर म्हनती, "आता बया! तुमचंच की!"

तुमीच सांगा, आतडं माझं का गावाचं?

आता मी जाड हाय. न्हाई म्हनत न्हाई. म्हटलं तरी कोन ऐकनार हाय? आडवी झाले तर बाज बोलती, उभी ऱ्हायले तर दार बुजतं. पन जाड असायचं बी काय साल असतं का न्हाई? ह्यो बहात्तरचा दुष्काळ! हिरी तळाला गेल्यात, कॅनाल कॅनाल म्हनत्यात त्याचं पानी आमच्या वस्तीपस्तोर आजून आलंच न्हाई, लोकं उन्हातान्हात खडी फोडत्यात, अमेरिकेच्या लाल मिलो जोंधळ्याच्या भाकरी पान्यासंगं गिळत्यात, पोरं सरकारी सुकडीच्या घासासाठी ताटल्या वाजवत्यात, जनावरांच्या बरगड्या लांबनं मोजाव्यात… आन् ह्या सगळ्यात मी! भरल्या कनगीवानी! बरं, खाते म्हनावं तर खाते काय? जे समद्यांच्या ताटात तेच माझ्या ताटात. समद्यांची हाडकं होत्यात, माझंच तेवढं मांस होतंय. धुरानं फुगते का वाऱ्यानं, देव जानं. त्या दिशी दुष्काळ बघाया जीपमधनं मोठा सायेब यायचा हुता, तर आमचा तलाठी माझ्या दारात आला आन् हात जोडून म्हनला, "मावशी, सायेब जाईपस्तोर तुमी जरा आत बसता का? न्हाई म्हंजे… गावाची परिस्थिती सायबाच्या ध्यानात आली पायजे." म्हंजे माझ्यामुळं दुष्काळ खोटा पडतोय! मी आत बसले. दुष्काळ पास झाला. पन आभार कुनी मानलं? छ्या!

तर ह्ये आतड्याचं खूळ काढलं कुनी, तर माझ्या पोटच्या पोरानं. काकासायेब. नागापूरला कारखान्यात कामाला हाय, आयतवारी घरी येतो, आन् दोन इंग्रजी शब्द शिकून आलेला असतो. त्यानं माझ्या मागं बापाला सांगितलं, चुलत्याला सांगितलं, चुलत्यानं रतनबाईला सांगितलं, आन् रतनबाईला सांगितलं म्हंजे आकाशवानीच झाली की! म्या त्याला धरला. म्हटलं, काय रं, आईचं आतडं कापतोस? तर कसा बोलतो बघा, हातात पाना धरल्यावानी बोलतो, "आई, तू आधी समजून घे. आतडं म्हंजे पाइपलाइन. लांबच्या लांब पाइपलाइन. त्यातनं पानी फिरत फिरत गेलं की वाटंत जिरतंय. मग करायचं काय? वरचा पाइप डायरेक खालच्या पाइपाला जोडायचा. मधला पाइप बंद! खाल्लं की गेलं!"

म्या म्हटलं, गेलं कुठं?

तर म्हनतो, "खाली."

म्या तुला नऊ म्हयने पोटात वागवला तवा तुला पाइपलाइन दिसली न्हाई व्हय रं भाड्या!

पन खरं सांगू का… रागावले त्याच्यावर, तरी पोरगं कशापायी बोललं ते मला ठावं हुतं. माझ्या भावाच्या पोरीचं लगीन झालं ना, दुष्काळातलंच, साधं. पंगत बसली. मी बी बसले मांडवात, भुईवर, पत्रावळीम्होरं. बसले खरी, पन उठता येईना! गुडघं ऐकंनात, धाप लागली, डोळ्याम्होरं काजवं. मग आलं चार गडी. एकानं हिकडनं धरलं, एकानं तिकडनं, आन् चिखलात रुतलेली गाडी काढत्यात तसं, "हां… लावा जोर… अजून जरा… हां, आली, आली!" वाजंत्री थांबले, बघा! नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून बघाया लागला. समदी हसली. मी बी हसले, काय करता. पन त्या दिवसापास्नं मी पंगतीला बसले न्हाई. माझं ताट बाजंवर येतं, एकटीचं. आन् काकासायेब त्या मांडवात हुता. त्यो हसला नव्हता.

म्हनून म्या म्हटलं, जाऊन तर येऊ. आतडं दाखवाया काय जातंय?

तर आधी वजन पायजे. गावातल्या दवाखान्यात काट्यावर उभी ऱ्हायले, काटा गेला सर्रकन् पार पल्याड आन् तिथंच बसला रुसून. कंपौंडर म्हनतो, "काटा बिघडला." काटा कशाला बिघडंल मेल्या! मग नेली मला आडतीवर. कांद्याच्या गोन्या मोजायचा काटा त्यो! माझ्या म्होरं गोनी, माझ्या मागं गोनी, मधी मी, आन् तिथला हमाल, आपल्याच नादात, खाली मान घालून आला आन् सवयीनं माझ्या पाठीला आकडाच लावाया निघाला! म्या वरडले तवा त्यो दोन हात उडाला. आन् भोवतीनं गाव उभं. "किती भरली? किती भरली?" आवो, तुमाला काय करायचंय? भाव पाडून घेनार हाय का माझा? तिथंच एक म्हातारा म्हनला, "कापाया पायजे," दुसरा म्हनला, "नको, वारं भरंल," तिसरी म्हनली, "देवाला सांगा," चौथा म्हनला, "तोंडाला कुलूप लावा…"

मी तिथं काट्यावर उभी हाय! आतडं माझं का गावाचं?

गेलो नगरला. मी, काकासायेब आन् आमचे हे. ह्यांचं नावच कारभारी. समद्या बायका नवऱ्याला 'आमचं कारभारी' म्हनत्यात ते मान म्हनून, आन् मी म्हटलं की नाव घेतल्यावानी होतं, म्हनून मी नुसतं 'आवो' म्हनते. मानूस काटकुळा, आन् बोलायला त्याहून काटकुळा. येस्टीत बसल्यापास्नं तोंडातनं अक्षर न्हाई. गाव बोललं, भावकी बोलली, हमाल बोलला, नवरा गप!

दवाखान्यात बाकड्यावर एक बाई बसलेली. चांगुना. पुनतांब्याची, काकासायबाच्या कारखान्यातल्या जोडीदाराची आत्या. तिचं ह्येच आपरेशन झालेलं, आन् पोरानं तिला मुद्दाम त्याच दिशी बोलावलेली, मला दाखवाया. म्या बघितलं तर बाई सुतळीवानी बारीक, आन् दंडाचं कातडं असं लोंबतंय, धुनं वाळत घातल्यावानी. पन बसली कशी हुती म्हाइतीय? बाकड्यावर दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून! माझी नजर त्या मांडीवरनं हलंना. ती म्हनली, "मी तुज्यापरास मोठी हुते गं बाई. आता भुईवर बसते, माझी मी उठते. नातवाला कडंवर घेते." म्या म्हटलं, मग चांगलंच की! तर ती पुढं काय बोलनार, तेवढ्यात तिचं तोंड असं झालं, आन् उठली, आन् पळाली! आली, बसली, "तर काय सांगत हुते…" का परत पळाली! तिसऱ्यांदा आली तवा म्हनली, "दारात गंगा हाय, गोदामाय, म्हनून निभतंय बाई. येस्टीत बसायचं तर आदल्या दिवसापास्नं उपाशी ऱ्हाते. लग्नाकार्याला जात न्हाई. देवळात गेले तर आधी मागचं दार बघते."

म्या इचारलं, सुखी हायेस का?

दंडाचं कातडं पदराखाली झाकलं, आन् म्हनली, "बारीक हाय."

मग आत बोलावलं. मुंबईचा डाक्टर. मानूस चांगला, खोटं कशाला बोलू, आवाज मऊ, 'बाई' म्हनून बोलला. म्हनला, "बाई, आम्ही आतडं काढून टाकत नाही. बराचसा भाग फक्त बाजूला ठेवतो. त्यामुळे खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही."

म्या म्हटलं, सायेब, परत सांगा.

"खाल्लेलं अंगी लागत नाही."

आवो, माझी आई वाढताना म्हनायची, "खा बाय, अंगी लागू दे!" आशीर्वाद असतो त्यो! आन् ह्यो शिकला-सवरलेला मानूस तोंड भरून शाप देतोय, आन् त्यो बी बेशुद्ध करून! म्या म्हटलं, सायेब, आमच्याकडं घासासाठी लोकं उन्हात खडी फोडत्यात, आन् तुमी आलेला घास वाया घालवायची वाट करून देता व्हय? बरं, आन् त्यो घास जातो कुठं?

डाक्टरनं चष्मा काढून पुसला. म्हनला, "बाहेर."

किती येळा?

"सुरुवातीला बऱ्याच वेळा. पुढं कमी होतं. काहींचं होत नाही."

म्या म्हटलं, सायेब, टँकर एक दिवसाआड येतो. पोरीबाळी हांड्यासाठी झिंज्या उपटत्यात. मी काय घेऊन जाऊ परसाकडं? आन् आडोसा कुठला? व्हढ्याच्या बाभळी बी लोकांनी जनावरांसाठी छाटल्या. मला लपवील एवढी बाभळ आता तालुक्यात न्हाई!

डाक्टर म्हनला, "ते सगळं खरं आहे. आणि ऑपरेशनला धोका आहे, तेही सांगतो, काही माणसं त्यात दगावलीत. पण बाई, असंच चाललं तर तुमचं हृदय फार दिवस साथ देणार नाही. दमलंय ते."

म्हंजे हिकडं आड, तिकडं हीर, आन् दोन्हीत पानी न्हाई!

आन् मग त्यो काय म्हनतो? म्हनतो, "विचार करा. करायचं ठरलं तर इथं नवऱ्याची संमती लागेल." घ्या! आतडं माझं, पोट माझं, मेले तर मढं माझं, आन् अंगठा ह्यांचा! माझं टाळकंच सनकलं. आतडं माझं का… पन तेवढ्यात बघते तर काय, काकासायबानं कागद सरकवला, शाईचा डबा सरकवला, आन् आमच्या ह्यांनी अंगठा शाईत बुडवला बी! न बोलता! म्या म्हटलं, संपलं. एवढा संसार केला, त्याचा ह्यो ठसा.

तर अंगठा कागदाच्या वर आनला, आन् थांबले. शाई टपकली कागदावर. सकाळपास्नं गप असलेला मानूस, आन् म्हनला काय? "सायेब, तिला इचारलं का कुनी?"

काकासायबानं खाली मान घातली. डाक्टर माझ्याकडं बघतोय, नर्स माझ्याकडं बघती, आमचे हे अंगठा वर धरून माझ्याकडं बघत्यात… आन् तुमाला सांगते, एवढे दिस वरडत हुते ना मी, मला इचारा, मला इचारा, तर आता इचारलं आन् माझी दातखीळ बसली! काय सांगू? डोळ्याम्होरं ती चांगुनाची मांडी. भुई. पंगत. समद्यांच्या संगं बसून जेवायचं, आन् आपलं आपन उठायचं, दुसरं काय मागते मी? पन मग ध्यानात आलं, ती बया मांडी घालून बसती खरी, पन पंगतीला कुठं जाती? जातच न्हाई! तिला बसाया येतं आन् जाता येत न्हाई, मला जाता येतं आन् बसाया येत न्हाई. मग मी कशापायी कापून घेऊ?

म्या म्हटलं, न्हाई सायेब. आवंदा न्हाई. मिरग बरसू द्या, हिरीला पानी लागू द्या, बाभळी फुटू द्या. मग बघू. तवर दमलेल्या काळजाला म्हनावं, जरा दमानं घे.

डाक्टर रागावला न्हाई. म्हनला, "तुमची मर्जी. मग निदान पथ्य पाळा. तेल बंद. साखर बंद. दूध-तूप बंद. एका वेळेला अर्धी भाकरी, पालेभाजी नुसती उकडून, आणि रोज झेपेल तेवढं चालायचं."

म्या म्हटलं, सायेब, ह्याला आमच्याकडं दुष्काळ म्हनत्यात!

डाक्टर हसला न्हाई. आमचे हे हसले. किती वर्सांनी हसले, शाईचा अंगठा तोंडावर धरून, ओठ निळं करून घेतलं मेल्यानं!

आलो घरी. वेशीत गाव उभंच. मला तशीच्या तशी उतरलेली बघून तोंडं अशी पडली, जशी काय मी त्यांची जत्राच बुडवली. असू द्या म्हटलं. पथ्य सुरू केलं. आता एका चुलीवर दोन सैपाक कोन करनार? जे मला ते ह्यांना. अर्धी भाकर, उकडलेला पाला, आन् सांजच्याला टँकरपस्तोर चालत. मी एकटी पडू नये म्हनून हे बी संगं चालत्यात, मी धापा टाकत बसले की थांबत्यात, हात देत्यात, काय बोलत न्हाईत. बरेच दिस केलं असं. परवा परत आडतीवर गेलो, आन् वजन उतरलं की वो! खोटं न्हाई! चांगलं उतरलं!

ह्यांचं.

माझा काटा जागचा हलला न्हाई. ह्यांची मातर पार काडी झाली, सदरा खुटीला आडकवल्यावानी दिसतोय. आन् काल टँकरच्या रांगंत एक जन ह्यांना इचारतो, "काय कारभारी, वैनीचं आपरेशन नगरवाल्यानं चुकून तुमचंच केलं का काय?" आन् आमच्या ध्यानानं काय सांगावं? जल्मात कधी चटकन बोलत न्हाई, आन् तवा चटकन म्हनलं, "व्हय."

झालं! आता आख्ख्या गावात तेच ठरलंय. रतनबाई तर सकाळीच येऊन ह्यांच्या पोटावरचा टाका बघू द्या म्हनत हुती… जाऊ द्या, बघू द्या तिला. माझं आतडं सुटलं गावाच्या तोंडातनं, ह्यातच आलं समदं.