बल्ली सोडा

—नाई, परांचीची बल्ली सोडा आधी, मंग बोला. हालवू नका म्हन्लं ना. मी वर हाये, मायाजवळ विटांची थप्पी हाये, परांची पडली तं पह्यले तुमच्याच अंगावर येईन. मुर्तिजापूरवरून अमरावतीले आले तुमी बायकोले न्याले, अन् हातात फावड्याचा दांडा—असं नेतेत का कोनी बायकोले? हा, घरचाच दांडा हाये तो. ओयखते मी त्याले. कावून नाई ओयखनार?

पाहा इकडं, पदर सारते. भांगाच्या मंधात टाक्यायच्या खुना दिसून राह्यल्या का? लोकायले सांगतलं, मोरीत घसरून पडली. सासूले सांगतलं, भाजीत मीठ जास्त झालं म्हनून मारलं. खरं काय होतं? खरं हे होतं का अकोल्याच्या बांधकामावर तुमी पिऊन भिंतीच्या सावलीत आडवे व्हा, अन् तुमच्या नावानं विटा मी लावो—डोक्यावरचं घमेलं उतरवून, इकडं-तिकडं पाहून, चोरावानी. शेषराव ठेकेदारानं पाह्यलं एक दिवस. साऱ्यायसमोर म्हन्ला, सूर्यभान, तुयापेक्षा तुया बायकोची भिंत सरळ हाये. बस. घरी गेल्यावर दांडा. हे मी कोनाले सांगतलं नोतं आजवर—आता निंगालं तोंडातून तं निंगालं, आयकू द्या खालच्यायले.

डाक्टर म्हन्ला, बाई, डोक्यावर वजन घेशीन तं मरशीन. घमेलं नाई उचलता येत त्या रेजा बाईले कोन ठेवते कामावर? इथं आली, शेषरावच्या नव्या कामावर, रडली त्याच्यापाशी. तो म्हन्ला, डोक्यावर नको घेऊ, विटा लावाची करनी धर. धरली. रोहित मिस्त्रीनं पह्यल्याच दिवशी माई ओली भिंत लाथेनं पाडली—बाईच्या हातची भिंत नाई चालत म्हने. मी त्याच विटा धुतल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा पाडाले आला तं त्याच्या पायावर वीट सोडली मी. नख गेलं त्याचं, रगतानं चप्पल भरली. आता तोच मले सूत धरून देते, अन् शकुन मिस्त्री म्हन्ते. हासू नका. शकुन मिस्त्रीच म्हन्तेत मले इथं.

काय म्हन्लं? भेव नाई राह्यलं? हाये ना. लय भेव वाटते मले तुमचं. झोपेत कोनी कूस बदलली तरी हात डोक्यावर जाते माया. पन कापत्या हातानं काम कसं करा, हे तुमच्या घरातच शिकली मी. अन् खरं सांगू? विटाबी तुमचाच हात पाहून शिकली. चांगला हात होता तुमचा, मारत नोते तवा.

शिडीवर पाय नका ठेवू. ठेवला? बरं. दुसराबी ठेवा मंग. माया हातात अख्खी वीट हाये अन् तुमचं डोस्कं बरोबर खाली हाये. नेम चुकत नाई माया, रोहितले इचारा. मायं डोस्कं फुटलं तं मी मिस्त्री झाली. तुमचं फुटलं तं तुमी काय होसान?

हा. उतरा. हळू उतरा, खालची पायरी ढिली हाये. अन् जा आता, घमेल्यातला माल सुकून राह्यला माया.