वनमालाबाईंची शपथ

(आष्टीच्या तहसील कचेरीसमोर उभी गाडी. आत वनमालाबाई, त्यांची मुलगी संस्कृती आणि धाकटे दीर विलासराव.)

संस्कृती : आई, फॉर्म दिला की साहेबांसमोर शपथ घ्यायची. पूर्ण नाव मोठ्यानं. "मी, वनमाला", पुढं?

वनमाला : पुढं तुझे बाबा.

संस्कृती : "तुझे बाबा" म्हणून चालेल का तिथं?

विलास : वहिनी, तीनला मुदत संपती. आमदार गेले, त्यांच्या जागेची पोटनिवडणूक, अन् तुमाला त्यांचंच नाव घेता येईना. माझा फॉर्म भरलेला हाय. खिशातच हाय.

वनमाला : तुमच्या दादाच्या दहाव्यालाबी खिशातच होता का, भाऊजी?

विलास : आवो, पक्षानं सांगितलं, पर्यायी म्हणून ठेवा.

संस्कृती : लग्नात उखाणा घेतला असशील ना, आई?

वनमाला : पदरात तोंड घालून पुटपुटले. कुणाला ऐकू गेलं न्हाई.

विलास : चाळीस वर्षं झाली, वहिनी साडीलासुदिक सुंदर म्हनत न्हाईत. दादानं 'सुंदर गाव' योजना काढली, तर ह्यांनी सभेत 'देखणं गाव' म्हनून सांगितली. बाया पंचायतीत जाऊन तीच मागाया लागल्या.

वनमाला : मतं पडली का न्हाई?

विलास : पडली की. पन आता जाऊ का मी आत? अडीच झाले.

वनमाला : थांबा. ऊसतोडीला जानाऱ्या बायांच्या पोरींसाठी ह्यांनी वसतिगृह काढलंय, अर्धंच झालंय. तुमी निवडून आलात तर त्याचं काय करनार?

विलास : बघू की. जागा लई मोक्याची हाय. मंगल कार्यालयबी झकास चालंल तिथं.

वनमाला : ऐकलंस ग संस्कृती? पोरींना पाठवा कोयता घेऊन, अन् इथं वाजवा बँड.

विलास : तसं न्हाई वो...

वनमाला : संस्कृती, आण तो शपथेचा कागद इकडं.

संस्कृती : वाचतेस?

वनमाला : मी, वनमाला... मी, वनमाला सुंदरराव...

संस्कृती : आई, पाणी देऊ?

वनमाला : नको. मी, वनमाला सुंदरराव. आलं का ऐकू?

विलास : आलं. एवढं सोपं होतं, मग कावून अडून बसला होता इतकी वर्षं?

वनमाला : सासूबाई म्हनायच्या, बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी व्हतं. आता कुनाचं जपू, भाऊजी? दार उघडा.